सारांडिसला काढायचं राहिलंय

सकाळी सात वाजता आर्गिरो खड्ड्यात उतरली तेव्हा तिचे गुडघे असे कडाडले, की वर उभा असलेला मुकादम प्रोद्रोमोस म्हणाला, “वहिनी, तुमची हाडं वाजली की त्याची?”

“त्याची गप्प आहेत,” आर्गिरो म्हणाली. “तेवीसशे वर्षं झाली, चकार शब्द नाही. तुम्ही शिका काहीतरी त्याच्याकडून.”

आणि सांगाड्याशेजारी एक पाय लांब सोडून ती बसली. मांडी घालायचे दिवस कधीच गेले होते. थापी हातात घेतली, आणि रोजच्यासारखं पुटपुटली, “माफ कर बाबा, उठवतेय तुला. काम आहे माझं.”

आमच्या नेरोपेत्रा गावाच्या खालच्या अंगाला समुद्राकडचा रस्ता रुंद करायला घेतला आणि चौथ्याच दिवशी बुलडोझरच्या दातांना जुन्या कबरींवरची कौलं लागली. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. विहीर खणा, संडासाचा खड्डा खणा, खाली कुणीतरी आधीच येऊन झोपलेलं असतं. रस्ता थांबला, पुरातत्त्व खात्याची गाडी आली, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि गावातल्या पंधरा-वीस जणांना काम लागलं. पहिलं नाव आर्गिरोचं, हे सांगायलाच नको. तेहतीस वर्षं ती हेच करत आली होती. आता एकसष्टावं चालू होतं, आणि मार्चमध्ये एकदाची सुटका होती.

तिच्या हाताला जे कळायचं ते खात्यातल्या शिकलेल्यांना कळायचं नाही. माती एकदा उकरली की पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, किती का वर्षं जाईनात. थापीच्या आवाजावरून ती सांगायची, इथे खड्डा होता, इथे नव्हता. दात पाहून वय सांगायची. कंबरेचं हाड पाहून म्हणायची, “बाई आहे, आणि दोन-तीन बाळंतपणं झालीत बिचारीची.” मोठ्या साहेबांच्या जाड पुस्तकात हे सगळं आलंय, पण तिच्या नावानं नाही. ती त्यात “कामगारांच्या साहाय्याने” या दोन शब्दांत मावली आहे. एकदा तिनं ते पान थालियाकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं. नाव चुकीचं छापलं असतं तर आणखी डोक्याला ताप.”

थालिया म्हणजे खात्याची खोदकामावरची बाई, चौतीस वर्षांची. अथेन्सहून आलेली, उन्हात लाल होणारी, पण मनानं साफ. आर्गिरोला ती मावशी म्हणायची आणि आर्गिरो तिला कधी बाईसाहेब म्हणायची, कधी पोरी, मूड असेल तसं.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या गावात माणूस एकदा पुरला की कायमचा पुरला, असं नसतं. दफनभूमी एवढीशी, टेकडीच्या उतारावर चिकटलेली. तीन वर्षं झाली की घरच्यांनी कबर उघडायची, हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, पेटीत घालायची आणि पेटी चॅपेलमागच्या खोलीत ठेवायची. रिकामी जागा पुढच्याला. हाडं पिवळी, स्वच्छ निघाली की बायका समाधानानं रडतात: आत्मा सुटला. पण कधी कधी माणूस तसाच निघतो. विरघळलेला नसतो. मग कुणी रडत नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघतात, कारण लहान पोरालाही माहीत असतं की माती ज्याला घेत नाही, त्याला कुणाचा तरी शाप असतो.

हे काम गावात कोण करणार? आर्गिरोच. चाळीसएक घरांची माणसं तिनं वर काढली होती. मेलेल्याची मुलगी धाय मोकलून रडत असायची आणि आर्गिरो खड्ड्यातून म्हणायची, “रडून घे, पण जरा मागे सरक, माती पडतेय त्यांच्या डोळ्यांत.” अख्ख्या गावाची हाडं तिच्या हाताखालून गेली, आणि स्वतःचा नवरा तेवढा राहिला होता. सारांडिसला जाऊन तीन वर्षं सात महिने झाले होते.

गाव काय, टपलेलंच असतं. म्हातारा अनेस्तिस, ज्याला डॉक्टरांनी दोनदा आशा सोडायला सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा जो स्वतःच्या पायांनी घरी आला होता, तो कॉफीच्या दुकानासमोर बसून ओरडायचा, “आर्गिरो, उठव की नवऱ्याला! मला आडवं व्हायचंय, जागा नाही!”

“तू नुसता बोलतोस रे,” ती म्हणायची. “एकदा तरी बोलल्यासारखा वाग.”

हसण्यावारी न्यायची आणि पुढे जायची. पण सारांडिसला शाप होता, आणि तो कुणी दिला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. सारांडिस वाईट माणूस होता असं नाही. दारू बेताची, हात उचलायचा नाही, ऑलिव्हच्या बागेत राब राब राबायचा. पण एकदा नाही म्हटलं की देवाच्या बापाचं ऐकायचा नाही. त्यांची एकुलती एक लेमोनिया एका घटस्फोटित, वयानं मोठ्या, दुसऱ्या देशाच्या माणसाबरोबर राहायचं म्हणाली. त्यानं तिची बॅग अंगणात फेकली. ती तशीच श्टुटगार्टला गेली. आठ वर्षं त्यानं तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही. पुढे आजारी पडला, आतडी सडली, दवाखान्यात काडी होऊन पडला होता, तेव्हा एका दुपारी लेमोनियाचा फोन आला. आर्गिरोनं फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडून पोर नुसती “बाबा, बाबा” करत होती. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आर्गिरोनं फोन बंद केला आणि ती म्हणाली, “माती तुला न खावो, सारांडिस. तसाच राहशील.”

आमच्याकडे याहून वाईट काही म्हणता येत नाही. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून ती तो शब्द वागवत होती. दिवसभर दुसऱ्यांची हाडं ब्रशनं झाडायची, आणि मनात हिशोब चालू: आता किती विरघळला असेल? विरघळला असेल का? माणूस शहाणा असला तरी भीतीला शहाणपण नसतं. आणि तिची भीती गावाची नव्हतीच. गाव चार दिवस बोलतं. तिची भीती होती सासूची.

झोग्राफिया, सारांडिसची आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दोघी एकाच छपराखाली चाळीस वर्षं. आधी भांडल्या, मग कंटाळल्या, मग एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा पाठ झाल्या. म्हातारीचा आता एकच हट्ट होता: पोराच्या कपाळाचं हाड हातात घेऊन एकदा ओठ टेकवायचे, मग मरायला मोकळी. आणि ही कपाळाऐवजी तिला काय दाखवणार होती?

म्हणून टाळाटाळ. आधी म्हणाली थंडी आहे, मग म्हणाली खोदकाम आहे, मग गुडघे.

त्या दिवशी डबा खायला बसल्यावर तिनं थालियाला सहज विचारल्यासारखं विचारलं, “पोरी, हा आपला खालचा गडी इतका स्वच्छ कसा निघाला गं?”

“वाळू आहे ना मावशी. पाणी निचरतं, हवा खेळते. चिकणमाती असती तर नुसता चिखल आणि घोटाळा.”

“चिकणमातीत माणूस टिकतो?”

“टिकतो म्हणजे, हवाच लागत नाही. वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो.”

आर्गिरोनं ब्रेडचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. टेकडीवरच्या दफनभूमीची वरची रांग वाळूची. खालची रांग, जिथे सारांडिस होता, ती राखाडी चिकणमातीची. हे तिला थालियाच्या आधी तीस वर्षं माहीत होतं. चाळीस कबरी काय उगाच उघडल्या? तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला जरा हायसं वाटलं. म्हणजे सांगता येईल. माती अशी आहे, आई, त्याचा दोष नाही, कुणाचाच नाही.

घरी आली तर झोग्राफिया कोलिव्यासाठी गहू निवडत बसली होती. मेलेल्याच्या नावानं उकडायचे गहू.

“हे कशाला काढलेत, आई?”

“शनिवारी सारांडिसला काढायचंय. पाद्र्यांना, पापा-थिमिओसला, निरोप दिला मी.”

“मला न विचारता?”

“तुला विचारत सात महिने गेले. तुझं खोदकाम संपेल तेव्हा मलाच उकरून काढावं लागेल.” म्हातारीनं एक खडा टिपून बाजूला टाकला. “तू सगळ्या जगाच्या बापजाद्यांना उठवतेस. माझ्या एकट्या पोराला का ठेवलंस खाली?”

आर्गिरोनं पातेलं घेतलं आणि गव्हात पाणी घातलं. मग लेमोनियाला निरोप पाठवला, शनिवारी बाबांना काढतोय. उत्तर आलं, “बरं.” एवढंच.

शनिवारी सकाळी नऊला सगळे जमले. सगळे म्हणजे पापा-थिमिओस, झोग्राफिया प्लास्टिकच्या खुर्चीत, शेजारची कालिरोई वाइनची बाटली आणि पांढरं कापड घेऊन, प्रोद्रोमोस फावडं घेऊन, आणि थालिया, जी यायची नव्हती पण आली. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून अनेस्तिस. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याचा म्हणे संबंध होता.

संगमरवराची पाटी दोघांनी उचलून बाजूला ठेवली. प्रोद्रोमोसनं वरची दीड हात माती काढली, मग आर्गिरो म्हणाली, “आता वर या. पुढचं माझं.”

ती उतरली. या वेळी कुणी गुडघ्यांवर विनोद केला नाही. तिनं माफी मागायला तोंड उघडलं, सवयीनं, आणि शब्द फुटला नाही. एवढ्या परक्यांची माफी मागितली, आणि इथे नाही. ती गुपचूप काम करू लागली. माती राखाडी, जड, थापीला चिकटणारी. बोटभर खोल गेली, वीतभर गेली. हाताला कळलं. डोळ्यांच्या आधी हाताला कळायचंच तिच्या. मातीला जो वास यायला नको होता तो यायला लागला. झाकणाची कुजकी फळी निघाली, खाली कोट निघाला, लग्नाचा, काळा. कोटाची बाही तिनं दोन बोटांनी दाबून पाहिली. आत हाड नव्हतं. आत अजून हात होता.

तिनं बोटं बाहीवरून काढली.

“काय झालं?” वरून झोग्राफियानं विचारलं. “कपाळ आलं का?”

कालिरोईनं छातीवर क्रूस केला, एकदा, मग घाईघाईनं दोनदा. प्रोद्रोमोसनं टोपी काढली. म्हातारी काही आंधळी नव्हती, तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले.

“विरघळला नाही,” ती म्हणाली.

“चिकणमाती आहे, आजी,” थालिया पटकन पुढे झाली. “हवा लागत नाही खाली. विज्ञान आहे हे. अगदी साधी गोष्ट आहे, खरंच.”

“शेजारी लाम्ब्रोस होता, तीच माती. तीन वर्षांत काचेसारखा निघाला.” झोग्राफियानं पोरीकडे बघितलंही नाही. “पापा, विचारा तुम्ही.”

पापा-थिमिओसला ते नको होतं. तो तरुण होता, संगणक वापरणारा पाद्री, चर्च असल्या गोष्टी शिकवत नाही हे त्याला माहीत होतं. पण समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई बसली होती. त्यानं घसा साफ केला आणि गावाच्या रीतीप्रमाणे विचारलं, “या माणसाबद्दल कुणाच्या तोंडून काही शब्द गेला असेल, तर त्यानं तो आज परत घ्यावा.”

थालिया खड्ड्यात बघत होती, डोळ्यांनी सांगत होती, मावशी, माती म्हण, माती. आणि आर्गिरोला ते सोपं होतं. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. ती म्हणाली असती चिकणमाती, तर गावानं मान डोलावली असती, म्हातारीनंही कदाचित. पण तेहतीस वर्षांत हाडांपुढे ती कधी खोटं बोलली नव्हती. आणि खरं सांगायचं तर ती दमली होती. इतकी दमली होती की खोटं उचलायलाही अंगात त्राण नव्हतं.

“मी म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस?” म्हातारी पुढे वाकली.

“मी, आई. दवाखान्यात. लेमोनियाचा फोन आला आणि यानं तोंड फिरवलं तेव्हा. म्हटलं, माती तुला न खावो. मोठ्यानं म्हटलं. मनापासून म्हटलं.” तिनं थापी खाली ठेवली. “आता मला काय म्हणायचं ते म्हणा. चार वर्षं होत आली, मला झोप नाही.”

झोग्राफियाचा चेहरा दगडासारखा.

“मग माफ कर त्याला,” ती म्हणाली. “तीनदा. रीत तुला माहीत आहे.”

रीत आर्गिरोला माहीत होती. इतरांना तिनंच कितीदा शिकवली होती. ज्यानं शब्द टाकला त्यानं तीनदा माफ करायचं, ऐकू जाईल असं. तिनं कोटाच्या बाहीवर हात ठेवला.

“माफ केलं, सारांडिस. देवानंही करावं.” हे आपोआप आलं. छत्तीस वर्षांचा संसार होता, त्याच्या जोरावर आलं.

“माफ केलं, सारांडिस. मला जे जे बोललास, जे जे नाही बोललास, सगळं माफ केलं.” हे येताना रडू आलं, पण आलं.

तिसरं येईना. तिनं तोंड उघडलं, मिटलं. कानात पोरीचं ते “बाबा, बाबा” वाजत होतं आणि समोर भिंतीकडे फिरलेलं डोकं दिसत होतं. पाठीवर ऊन पडलं होतं, सगळे थांबले होते, एक वाक्य म्हणायचं आणि सुटायचं.

“नाही येत,” ती म्हणाली. “आई, मारा मला, पण खोटं नाही येत.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. झोग्राफिया उठली होती. काठी टेकत ती खड्ड्याच्या काठापर्यंत आली, प्रोद्रोमोसनं दंड धरला तर झटकला.

“तू एकटीच शहाणी आहेस का शाप द्यायला?” ती म्हणाली. “त्यानं पोरीची बॅग अंगणात फेकली, त्या दिवशीच मी म्हटलं होतं. तू बाहेर बॅगेतले कपडे गोळा करत होतीस. मी स्वयंपाकघरात उभी होते. हेच शब्द. आणि मी आई आहे त्याची. आईचं आधी लागतं, बायकोचं मागून.”

आर्गिरो वर बघतच राहिली. “तुम्ही?”

“साडेअकरा वर्षं.” म्हातारीनं काठी दोन्ही हातांत धरली. “तू काढत नव्हतीस, मला बरंच वाटत होतं. रोज वाटायचं, हा तसाच निघाला तर आर्गिरोला तोंड कसं दाखवू. पण आता माझे दिवस थोडे राहिले. म्हणून पापाला निरोप दिला.”

मग तिनं खाली वाकून, जेवढं वाकता येत होतं तेवढं, पोराला तीनदा माफ केलं. एका दमात, भराभर, शाळेतला धडा म्हणावा तसं, आणि शेवटी म्हणाली, “आणि तूही मला कर, गाढवा.” पापा-थिमिओस डोळे पुसत पुस्तकाची पानं उलटत राहिला. त्याला हवं ते पान काही सापडेना.

“माझं एक राहिलं, आई,” आर्गिरो म्हणाली.

“राहू दे. ते तुझं नाहीच. त्यानं तोंड तुझ्यापासून फिरवलं नव्हतं.” म्हातारीनं काठीनं वरच्या रांगेकडे दाखवलं. “तिकडे वाळूत ठेव त्याला. दोन वर्षांनी पुन्हा काढू. तोवर मी मरत नाही, हे लिहून घे.”

प्रोद्रोमोसनं आणि थालियानं हात देऊन आर्गिरोला बाहेर ओढलं. ती मातीच्या ढिगावर बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत राखाडी चिखलानं बरबटलेले. कालिरोईनं धुवायला वाइन पुढे केली, तर ती नको म्हणाली.

“पोरी,” तिनं थालियाला सांगितलं, “माझ्या खिशात फोन आहे. लेमोनियाला लाव आणि कानाशी धर.”

थालियानं धरला. घंटी बराच वेळ वाजली. मग पलीकडून आवाज आला, झोपेतला नव्हे, वाट बघत बसलेल्याचा.

“आई? निघाला का तो?”

“नाही गं,” आर्गिरो म्हणाली. “तुझ्यासाठी थांबलाय.”